पाचगणीचा पियानो, राजूरचा बँजो

१/
प्रतिभा कधी लपून राहत नाही, असे आपल्याकडे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. हे विधान खोटे आहे, आणि ते खोटे ठरवणारा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९५८ साली पाचगणीच्या एका निवासी शाळेत पाच मुलांनी रॉक बँड काढला. त्याचा उदय व शेवट या धाग्यात मांडतो, आणि जालना जिल्ह्यातील राजूरहून पाहिल्यास तो वेगळा का दिसतो, हेही सांगतो.

२/
बँडचे नाव 'द हेक्टिक्स'. शाळा सेंट पीटर्स. गायनाला ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रँच, बासवर फरांग इराणी, ड्रमवर व्हिक्टरी राणा आणि पियानोवर फारुख बुलसारा. हा शेवटचा मुलगा त्या वेळी १२ वर्षांचा होता. जग त्याला पुढे 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले.

३/
इथेच बहुतेक लेख थांबतात. 'फ्रेडी आपल्या पाचगणीचा' एवढे अभिमानाने म्हणायचे, टेबललँडचे एक छायाचित्र जोडायचे, आणि संपले. २०१८ साली त्याच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटाची मुख्य कथा तर १९७०च्या लंडनपासूनच सुरू होते. म्हणजे एकाला पाचगणी केवळ मिरवण्यासाठी हवी आहे, तर दुसऱ्याला ती नकोच आहे. बँड मात्र दोघांनीही वाचलेला नाही.

४/
मग तो वाचू या. फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला झाला. कुटुंब गुजरातमधील वलसाडकडचे पारशी, वडील बोमी ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी कार्यालयात रोखपाल. आठ वर्षांच्या मुलाला त्यांनी समुद्रापार शिक्षणासाठी पाठवले आणि १९५५ साली तो पाचगणीत दाखल झाला. सुट्टीत तो मुंबईला नातेवाइकांकडे राही. 'फ्रेडी' हे नाव रुळले ते या शाळेत.

५/
आता महत्त्वाची गोष्ट. या मुलाचा संगीताकडील कल शाळेच्या लक्षात आला. मुख्याध्यापकांनी पालकांना पत्र लिहिले की थोडे जास्त शुल्क भरलेत तर त्याला संगीताचे रीतसर शिक्षण देता येईल. पालकांनी ते भरले. मुलाने पियानोची चौथी श्रेणी लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण केली. तो शाळेच्या गायकवृंदातही होता.

६/
हा क्रम पुन्हा पाहा. शाळेत पियानो होता. तो शिकवणारी व्यक्ती होती. कल ओळखणारा मुख्याध्यापक होता. शुल्क भरू शकणारा बाप होता. एवढे सगळे आधी होते; 'प्रतिभा' त्यानंतर प्रकट झाली. यातील एक दुवा जरी निसटला असता, तरी झांझिबारच्या एका रोखपालाचा टेबल टेनिस उत्तम खेळणारा मुलगा, एवढीच त्याची ओळख उरली असती.

७/
शिवाय हा बँड फ्रेडीचा नव्हता, हेही नीट समजून घ्यावे. मुख्य गायक ब्रूस मरे होता. फ्रेडी पियानो वाजवी आणि मागून साथीचा सूर देई. गाणी क्लिफ रिचर्ड, एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची, म्हणजे त्या काळी इंग्रजी तरुणाईच्या ओठांवर असलेली. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल फ्रेडी लगेच पियानोवर उतरवी, अशी त्याच्या सोबत्यांची आठवण आहे.

८/
आणि फरांग इराणीचा बास? चहाचे लाकडी खोके, त्याला उभी काठी आणि काठीपासून खोक्यापर्यंत ताणलेली तार किंवा दोरी. ब्रिटनमध्ये १९५६च्या सुमारास 'स्किफल' संगीताची लाट आली, तेव्हा तिथल्या असंख्य मुलांनी हेच वाद्य घरी बनवले. लिव्हरपूलमध्ये जॉन लेननच्या 'क्वारीमेन' या शालेय बँडमध्येही बास म्हणून असेच खोके होते.

९/
म्हणजे रॉक संगीत हे मुळातच श्रीमंतांचे चोचले होते, असे कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. ते चहाच्या खोक्यावरही उभे राहिले. पण केवळ खोके पुरत नाही. सुरांची शिस्त शिकवणारे एक तरी वाद्य, एक तरी शिक्षक आणि सरावाला एक तरी खोली लागते. लिव्हरपूलच्या मुलांना काय, पाचगणीच्या मुलांना काय, यातील काही ना काही लाभले होते.

१०/
हेक्टिक्स गाजला तो शाळेच्या कार्यक्रमांत आणि पंचक्रोशीत. शेजारच्या शाळांतील मुली त्यांच्या गाण्यांना भरभरून दाद देत, असे सांगतात. त्यांची कोणतीही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. आपल्यापर्यंत पोहोचली ती काही छायाचित्रे आणि सोबत्यांच्या आठवणी.

११/
बँड फुटला कसा? भांडण नाही, पैशाचा वाद नाही. शाळा संपत आली आणि मुले पांगली. फ्रेडी १९६३च्या सुमारास झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे रक्तरंजित क्रांती झाली, आणि बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेले. पुढे त्याने पाचगणीच्या वर्षांविषयी जाहीरपणे फार थोडे सांगितले.

१२/
उरलेल्यांचे काय झाले? व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या पदावर पोहोचले आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सेनापती झाले. डेरिक ब्रँच ब्रिटनमध्ये अभिनेता झाले; १९८५च्या 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट'मध्ये ते दिसतात. फरांग इराणी पुण्यात उपाहारगृहाच्या व्यवसायात गेले. ब्रूस मरे, ज्याच्या गळ्यावर बँड उभा होता, तो जगप्रसिद्ध गायक झाला नाही.

१३/
यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: 'पियानो तर शेकडो शाळांत होते, तिथून कुठे फ्रेडी निघाले?' बरोबर. या बँडमधूनही पाचांपैकी एकच निघाला. पण शाळेत संगीत असावे ते तारे घडवण्यासाठी, हे गृहीतकच मुळात सदोष आहे. त्या बँडने एका भावी सेनापतीला, एका नटाला आणि एका उपाहारगृहचालकालाही काही वर्षे एकत्र येऊन काहीतरी निर्माण करण्याचा अनुभव दिला. ती मिळकत कमी लेखू नये.

१४/
आता राजूरला या. जालन्याहून सुमारे २५ किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात आमचे गाव. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ म्हणून राजुरेश्वराची ख्याती आहे. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून रात्रभर लोक पायी येतात. या परिसरात संगीत नाही, असे कोण म्हणेल? टाळ-मृदंग आहे, भजन आहे, संबळ आहे, आणि मिरवणुकीत बँजो पार्टी आहे.

१५/
१९५८ साली राजूर आणि पाचगणी ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती: द्विभाषिक मुंबई राज्यात. पण दोघांचा भूतकाळ किती निराळा! पाचगणी इंग्रजांनी आपल्या विश्रांतीसाठी वसवली, आणि त्यांच्या मुलांसाठी तिथे निवासी शाळा उभ्या राहिल्या. राजूरचा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे वरच्या वर्गांचे शिक्षण मायबोलीत नव्हे, तर उर्दूत.

१६/
ज्या वर्षी हेक्टिक्सने सूर लावला, त्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. मराठवाड्याच्या वाट्याला आलेले ते पहिले विद्यापीठ. पाचगणीत मुले पियानोच्या श्रेणी परीक्षा देत होती, तेव्हा आमच्याकडे उच्च शिक्षणाची पायाभरणी होत होती. हे अंतर प्रतिभेचे नाही. ते राजवटींनी व अर्थव्यवस्थेने आखलेले आहे.

१७/
दुसरा युक्तिवाद असा येतो की रॉक वगैरे परके. ते आपल्या मातीत रुजणारच नाही. असे म्हणणाऱ्यांनी आपल्या भजनी मंडळाच्या पेटीकडे पाहावे. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडले. मराठी संगीत नाटकाने आणि कीर्तनाने ते इतके आपलेसे केले, की आज पेटीशिवाय भजनाची कल्पनाच करवत नाही.

१८/
आणि याच पेटीला आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके दार बंद ठेवले होते! कारण काय, तर ती भारतीय संगीताला मानवत नाही. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांनाही आकाशवाणीवर आवर घातला. श्रोते निमूटपणे रेडिओ सिलोनकडे वळले. संगीताची शुद्धता राखू पाहणाऱ्यांना श्रोत्यांनी दिलेले ते उत्तर होते.

१९/
राजूरच्या मिरवणुकीतील बँजोही असाच. आपण ज्याला बँजो म्हणतो तो बुलबुलतरंगाचा विजेवर चालणारा अवतार. आणि बुलबुलतरंगाचे मूळ जपानच्या तैशोगोतो या वाद्यात आहे. फ्रान्सची पेटी चालते, जपानचा बँजो चालतो, मग गिटारच तेवढी परकी कशी? गावागावांतील पोरांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. वाद घालतात ते न वाजवणारे.

२०/
बँजो पार्टीतली ही पोरे नेमके तेच करतात जे फ्रेडी करत होता: ऐकलेली चाल कानाने टिपून बोटांत उतरवणे. त्यांची पथकेही तशीच फुटतात. कुणी ऊसतोडीला जातो, कुणी जालन्याच्या सळयांच्या कारखान्यात, कुणी वाळूजला. हेक्टिक्स फुटला तेव्हा मुले पुढच्या शिक्षणाकडे गेली. इकडची पोरे अनेकदा शिक्षण सोडूनच जातात.

२१/
आणि त्यांची नोंद कुणी ठेवत नाही. हेक्टिक्सची नोंद तरी का उरली? पाचांतील एक जगप्रसिद्ध झाला म्हणून. तो झाला नसता, तर एका शालेय बँडची ती छायाचित्रे आज कुणाच्या तरी पेटीत वाळवीच्या स्वाधीन झाली असती. इतिहास जिंकणाऱ्यांच्या मागे धावतो, ही तक्रार आपण राजेरजवाड्यांबाबत करतो. संगीताबाबतही ती तितकीच खरी आहे.

२२/
आता कायद्याकडे वळू. शिक्षण हक्क कायदा २००९ची अनुसूची सांगते की सहावी ते आठवीच्या शाळेत १००हून अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत. ही कुणाची मेहेरबानी नाही. संसदेने केलेला कायदा आहे. पण हेच निदेशक महाराष्ट्रात आपल्या नेमणुकीच्या सातत्यासाठी वर्षानुवर्षे झगडत आले आहेत.

२३/
'आधी गणित-इंग्रजी तरी धड शिकवा, पेटी कसली मागता?' हा प्रश्न कळकळीचा आहे. पण हा प्रश्न पाचगणीच्या पालकांना कुणी विचारला नव्हता. त्यांच्या मुलांना गणितही मिळाले, इंग्रजीही मिळाले आणि पियानोही मिळाला. 'हे किंवा ते' अशी निवड फक्त जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांसमोरच का ठेवली जाते? गरिबाच्या मुलाने फक्त उपयुक्तच शिकावे, हा आग्रह व्यवहारज्ञानाचा आव आणतो. त्याच्या तळाशी भेदभाव आहे.

२४/
म्हणून 'राजूरमधून फ्रेडी का निघाला नाही?' हा प्रश्न मी नाकारतो. तो मुलांना उत्तरदायी धरतो. विचारायचे ते एवढेच: राजूरच्या शाळेतील एखादी मुलगी ऐकलेली चाल तंतोतंत गुणगुणत असेल, तर ते कोणाच्या लक्षात येईल? लक्षात आले, तर तिच्या घरी पत्र कोण लिहील? आणि त्या पत्रात शुल्काचा आकडा नसेल, याची हमी कोण देईल?

२५/
इतिहासाची आवड असलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींना दोन विनंत्या. पहिली: आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनांची जुनी छायाचित्रे, गावातील बँजो व बँड पथकांची नावे, कोण काय वाजवत होते, पथक कधी आणि का मोडले, हे जुन्या वादकांना विचारून, त्यांच्या संमतीने लिहून ठेवा. त्यांच्यापैकी कुणी प्रसिद्ध होण्याची वाट पाहू नका.

२६/
दुसरी: आपल्या गावातील शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला आईवडिलांना हा एकच प्रश्न घेऊन पाठवा, की आपल्या शाळेत कलेचे निदेशक आहेत का, आणि नसतील तर का नाहीत. उत्तर लेखी मागा. पाचगणीच्या एका मुख्याध्यापकाने एक पत्र लिहिले होते. आपल्यालाही सुरुवात पत्रानेच करता येईल.