विचारायचे कोणाला?

आमचे हे रस्ता विचारत नाहीत. या सदराच्या जुन्या वाचक-भगिनींना हे नव्याने सांगायला नकोच. सदाशिव पेठेतले कार्यालय शोधता शोधता मंगलाष्टके होऊन पहिली पंगत उठल्याचेही मी पाहिले आहे. पण कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारतील तर शपथ! तेव्हा गेल्या वर्षी एडमंटनला मुलाकडे गेलो असताना, “आपण दोघंच मोटार घेऊन पार उत्तरेला जाऊ, तंबू ठोकून राहू,” असे यांनी जाहीर केले, आणि माझ्या पोटात गोळा उठला.

“अगं, हा नकाशा बघ. डेम्पस्टर हायवे. सातशे चाळीस किलोमीटर एकच रस्ता! चुकायची सोय नाही. विचारायचं कोणाला आणि कशाला?”

यांच्या हृदयात जाळी बसवून तेव्हा दोन वर्षे झाली होती. प्रवासाला डॉक्टरांची ना नव्हती. फक्त जड उचलायचे नाही, दम लागेल असे काही करायचे नाही. मुलाने ते मला तीनतीनदा बजावले. सूनबाईने औषधांचे डबे भरून दिले. मी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि हिंगाची डबी घेतली आणि निघालो.

डॉसन क्रीकपासून अलास्का हायवे लागतो. जपानच्या धास्तीने अमेरिकेच्या लष्कराने १९४२ साली आठेक महिन्यांत हा रस्ता जंगलातून काढला. त्या सैनिकांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय पलटणींतले होते. तिथून व्हाइटहॉर्सपर्यंत चौदाशे किलोमीटर झाडे, तळी, पुन्हा झाडे. पहिल्या दिवशी मी “अहाहा” म्हटले, तिसऱ्या दिवशी स्वेटर विणायला घेतला.

तंबूतला संसार मात्र मजेचा. सरकारी तळावर चुलीसाठी लाकडे आयती मिळतात. पण मुलूख अस्वलांचा. खाण्याची वस्तू तंबूत ठेवायची नाही, साबण आणि दंतमंजनसुद्धा नाही. स्वयंपाक तंबूपासून दूर. आता हिंगाची फोडणी किती दूर करावी, हे कोणत्याच फलकावर लिहिलेले नव्हते! मी आठ दिवस विनाफोडणीचे वरण केले. यांनी चकार शब्द काढला नाही, यावरून यांचा उत्साह ओळखावा. दुसरी अडचण दिवेलागणीची. जूनअखेर तिथे अंधार पडतच नाही. सांजवात मनातल्या मनात लावायची ती घड्याळाकडे बघून.

डॉसन सिटी सोडल्यावर थोड्याच अंतरावर डेम्पस्टर सुरू होतो. खालची जमीन बारा महिने गोठलेली. ती वितळू नये म्हणून खडीची जाडजूड गोधडी अंथरून वर रस्ता केलेला आहे. हा रस्ता १९७९ साली पुरा झाला. पहिल्या तळावर मी त्याच्या नावाची हकीकत वाचली. डिसेंबर १९१० मध्ये इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड आणि तीन सोबती कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन फोर्ट मॅक्फर्सनहून डॉसनला निघाले. लवकर पोहोचावे म्हणून शिधा कमी घेतला. वाटेत इसॉ जॉर्ज नावाचा तिथलाच ग्विचिन वाटाड्या काही दिवस बरोबर होता. पुढची वाट आम्हांला ठाऊक आहे, असे म्हणून त्याला परत पाठवले. मग नेमके वळण सापडेना. दिवसामागून दिवस शोधण्यात गेले, शेवटी कुत्री मारून खावी लागली, आणि माघारी फिरून गाव जवळ आलेले असताना चौघेही गेले. मार्च १९११ मध्ये कॉर्पोरल डेम्पस्टरला प्रेते सापडली. फिट्झजेराल्डने कोळशाने कागदाच्या तुकड्यावर मृत्युपत्र खरडले होते: सगळे आईला.

“ऐकलंत?” मी म्हटले.

“त्यांच्या वेळी रस्ता नव्हता,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचे चाक बसले. तिथली खडी सुरीसारखी. मागेपुढे चिटपाखरू नाही, फोन मुका, आणि डासांचा ढग. यांनी जॅक लावला; तो खडीत रुतला. पुन्हा लावला. चाकाचा एक नट हलेना, तेव्हा हे पान्यावर सगळा भार टाकून उभे राहिले. मी पाहिले, यांचे ओठ पांढरे पडले होते.

“अहो, पुरे. खाली बसा.”

“झालंच आता.”

“बसा म्हणते ना!” छत्तीस वर्षांत मी अशी ओरडले नव्हते. हे बसले. गोळी जिभेखाली ठेवायला लावली आणि मी ओढणी घेऊन रस्त्याच्या मध्यभागी उभी राहिले. चाळीस मिनिटे. त्या चाळीस मिनिटांत मी काय काय बोलून घेतले, ते या पानावर छापण्याजोगे नाही.

अखेर धुळीचा लोट दिसला. फोर्ट मॅक्फर्सनचे एक ग्विचिन जोडपे होते, आमच्याच वयाचे. त्याने जॅकखाली फळी सरकवली, स्टेपनी चढवली, आणि बाकीच्या टायरांवर हात फिरवून यांना विचारले, “हवा किती आहे?” हे सांगू शकले नाहीत. मग त्याने हवा कमी केली, वेग किती ठेवायचा, समोरून मालमोटार आली की काय करायचे, सारे समजावले. त्याच्या बायकोने मला थर्मासमधली कॉफी दिली. पैसे घेतले नाहीत. “गावात आलात की भेटा,” एवढेच म्हणाली.

त्या रात्री ईगल प्लेन्सला तंबू ठोकला. बारा वाजता लख्ख उजेड. हे छताकडे बघत म्हणाले, “एस. एस. सी. झालो तेव्हा वडील नुकतेच गेले होते. फीसाठी काकांकडे गेलो. ओटीवर दोन तास बसवलं. मग आतून निरोप आला, घरी नाहीत म्हणून. त्यांच्या चपला माझ्यासमोर होत्या.”

छत्तीस वर्षे! आणि मी या माणसाला पानवाल्यावरून हसत होते. मी काही बोलले नाही. पांघरूण तेवढे सारखे केले.

पुढे आर्क्टिक वर्तुळ ओलांडले, पील नदी तराफ्यावरून पार केली आणि फोर्ट मॅक्फर्सनला आलो. देवळाच्या आवारात त्या चौघांच्या कबरी आहेत. हे बराच वेळ तिथे उभे राहिले.

“त्या इसॉला ठेवून घेतलं असतं, तर कितीसा खर्च आला असता गं?” म्हणाले, आणि त्या जोडप्याचे घर शोधायला एकटेच गेले.

पाऊण तासाने परतले ते घामाघूम, पण चेहरा खुललेला. तीन जणांना घर विचारले होते. तिसरा तर दारापर्यंत सोबत आला होता. हातात कागदाचे पुडके. उघडले तर सुकवलेले मासे! आमच्या घरात तीन पिढ्यांत सुकटीचा वास शिरलेला नाही.

“नाही कसं म्हणायचं?” हे म्हणाले.

“ते ठीक. पण अस्वलांच्या मुलखात रात्री हे ठेवायचं कुठं?”

यांनी पुडके माझ्या मांडीवर ठेवले.

“थांब, विचारून येतो.”