तीन मार्कांचं बल

मागच्या रविवारी मामाकडे जेवायला गेलो होतो. मामेभाऊ नववीत. परीक्षा तोंडावर, त्यामुळे जेवण व्हायच्या आतच मामीचं फर्मान सुटलं, "तू इंजिनीअर ना? जरा त्याचं फिजिक्स बघ."

गणित असं : 5 किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूवर 20 न्यूटन बल लावलं, तर त्वरण किती? पठ्ठ्याने वहीच्या कोपऱ्यात त्रिकोण काढला. वर एफ, खाली एम आणि ए. बोटाने ए झाकला, वीस भागिले पाच, उत्तर चार. एकक लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. दहा सेकंदांत काम तमाम!

मी विचारलं, "वीस न्यूटन म्हणजे किती रे?"

"किती म्हणजे काय? वीस."

"अरे, हाताला किती जाणवेल?"

"दादा, असलं परीक्षेत विचारत नाहीत."

खरंय त्याचं. मलाही कधी कुणी विचारलं नव्हतं. स्वयंपाकघरातून दोन किलो साखर आणून त्याच्या तळहातावर ठेवली. "हे घे, साधारण वीस न्यूटन." तो हसला. मीही जरा मास्तरकीच्या तोऱ्यात होतो. हा तोरा संध्याकाळपर्यंत टिकला.

परतताना ताईच्या गाडीत बसलो. भाऊजी चालवत होते, पुढे ताई, तिच्या मांडीवर दोन वर्षांची भाची. मी मागे, बेल्ट न लावता. आणि डोक्यात अजून तेच गणित चालू! म्हटलं, चला, 'वस्तू'च्या जागी भाचीला ठेवू.

वस्तुमान 12 किलो. गाडीचा वेग ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. समोर कशावर तरी आदळून गाडी 0.1 सेकंदात थांबली, तर त्वरण उणे 150. बल = 12 × 150 = 1800 न्यूटन. म्हणजे जवळजवळ 180 किलोचं ओझं. घरगुती गॅसची भरलेली सहा सिलिंडरं! आणि ही पकडून ठेवायची कुणी? ताईच्या दोन हातांनी. शिवाय ताई स्वतः पुढे फेकली जाणार, ते वेगळंच.

पोटात गोळा आला. "मी घट्ट धरलंय तिला" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मीही हजार वेळा ऐकून गप्प बसलोय. फिजिक्समध्ये पैकीच्या पैकी मिळवणारा इंजिनीअर!

माझं भांडण याच्याशी आहे. कॅच घेताना फील्डर हात मागे का नेतो, हे आपल्याला 'कारणे द्या'मध्ये यायचं. बल काढायचं ते 'गणिते सोडवा'मध्ये. दोन्ही उत्तरं पाठ, पण दोन वेगळ्या कप्प्यांत. खरं तर एकच गोष्ट आहे : थांबायला वेळ जास्त मिळाला की बल कमी. सीट बेल्ट, एअरबॅग, गाडीचा चुरगळणारा पुढचा भाग, सगळे आपल्यासाठी तोच जास्तीचा वेळ मिळवतात. न्यूटनने हे 1687 मध्ये लिहून ठेवलं आणि आपण त्याचा बोटाने झाकायचा त्रिकोण करून टाकला.

आता कुणीतरी म्हणेलच, "आधी पाया पक्का नको का? लाखो पेपर तपासायचे असतात." मान्य. पण पाया म्हणजे भागाकार नव्हे, तो चौथीतच झाला. प्रत्येक गणिताखाली एकच प्रश्न वाढवा : हे बल केवढं, रोजच्या एखाद्या गोष्टीशी तुलना करा. एक मार्क द्या त्याला. तपासायला किती वेळ लागेल?

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. पण चौकात मामा दिसला की बेल्ट ओढणारे आपण, दंडाला घाबरतो. अठराशे न्यूटनला घाबरायला कुणी शिकवलंच नाही.

असो. सिग्नलला मी सिलिंडरचा हिशोब सांगितला. भाऊजी म्हणाले, "काहीतरीच काय बोलतोस संध्याकाळचं!" ताई काही बोलली नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर मात्र ती लेकीला घेऊन मागे आली. तिला मध्ये बसवून बेल्ट लावला. हा काही चाइल्ड सीटला पर्याय नव्हे, म्हणून ती सीट या शनिवारी मीच घेऊन दिली.

आणि हो, माझाही बेल्ट लावला. माझं वस्तुमान 74 किलो. बाकीचं गणित तुम्ही करा. त्रिकोण न काढता.