नकलेत न मावणारे निळूभाऊ

निळू फुले म्हटले की लोकांना आधी बेरकी पाटील आठवतो. नकलाकारांनी तर त्यांना एका हेलातच कोंडून टाकले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने नाव झाले, १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा पडद्यावर आला आणि पुढे गावोगावचे वाडे जणू त्यांच्याच नावावर चढले. रंगभूमीवर मात्र त्यांनी तेंडुलकरांचा सखाराम बाइंडरही उभा केला. आणि 'सिंहासन'मधला (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस? सत्तेचा बाजार बघत फिरणारा, बोलणे बेताचे, काम सगळे डोळ्यांचे. 'सामना'तल्या हिंदुराव धोंडे पाटलापेक्षाही हे काम काकणभर सरस, असे माझे मत. पडद्यावर इतके नष्ट वागणारा हा माणूस मुळात राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता! नकला पुरे झाल्या; 'सिंहासन' पुन्हा लावा.