उघडू दे त्याला डबा

ताईचा सांगलीहून फोन आला तेव्हा नागोयात रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिकडे आठ. माझ्या झोपेच्या वेळेला ती सहसा फोन करत नाही. करते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. भाच्याची दहावी तोंडावर आली आहे. परीक्षा झाली की त्याला लॅपटॉप घेऊन द्यायचा, असं घरात कधीचं ठरलंय. आणि आता साहेब म्हणतात, लॅपटॉप नको; पैसे द्या, मी पार्ट आणून स्वतः कॉम्प्युटर जोडणार. बाजूला काच असलेला डबा, आत दिवे, सगळं ठरवून बसलाय. "तू मामा आहेस, वर कॉम्प्युटर इंजिनिअर. तूच समजाव त्याला," ताई म्हणाली. मी म्हटलं, बोलतो. काय बोलणार, ते मला माहीत नव्हतं. कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मी स्वतःच ओसूला निघालो होतो.

नागोया म्हणजे टोयोटा, एवढंच आपल्या बऱ्याच लोकांना माहीत असतं. ओसू हा इथला जुना बाजार. मधोमध ओसू कान्नोन हे बौद्ध मंदिर, १६१२ साली तोकुगावा इएयासुच्या आदेशाने इथे हलवलेलं. दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला त्याच्या अंगणात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आजूबाजूला छप्पर घातलेल्या गल्ल्या, त्यात जुने किमोनो, तळलेले पदार्थ, खेळणी, आणि कामिमाएझु स्टेशनच्या बाजूने आत शिरलं की कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं. तोक्योचं अकिहाबारा, ओसाकाचं निप्पोनबाशी आणि आमचं ओसू, या जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तीन मोठ्या पेठा. पुण्याच्या वाचकांसाठी सांगायचं तर तुळशीबाग आणि तपकीर गल्ली एका छपराखाली आणल्यासारखं. देऊळसुद्धा आहेच.

इथे स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरला 'जिसाकु' म्हणतात. शब्दशः 'स्वतः केलेलं'. या छंदाचे स्वतःचे शब्द आहेत आणि मला त्यांचीच जास्त गंमत वाटते. दोन पार्ट कागदावर जुळतात, पण प्रत्यक्षात एकत्र चालत नाहीत, तेव्हा म्हणायचं त्यांचं 'आइशो' वाईट आहे. हाच शब्द लग्नाळू मुलामुलींचं जुळेल की नाही यासाठी वापरतात. थोडक्यात, मेमरीची आणि मदरबोर्डची पत्रिका जुळत नाही! दुकानदार थोडे जादा पैसे घेऊन 'आइशोची हमी' विकतो. नाही जुळलं तर बदलून मिळेल. (ही सोय लग्नातही असती तर, हा विनोद माझ्या बायकोने आधीच करून झालाय.) कोपऱ्यात 'जंक'च्या टोपल्या असतात. चालेल की नाही याची हमी नाही, परत घेणार नाही, नशीब आजमावा. त्या टोपल्यांपुढे चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं उकिडवी बसून तासन्‌तास काहीबाही उलटसुलट करून बघत असतात.

आणि चौथा शब्द 'मिसेरु', म्हणजे दाखवणे. पण काच लावलेल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत तो लिहितात तेव्हा 'बघणे'चं अक्षर न वापरता 'भुरळ घालणे'चं वापरतात. उच्चार तोच. भाच्याला जो हवाय तो हाच, भुरळ घालणारा डबा.

माझ्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी या छंदात पुरते बुडालेले आहेत. नवीन वर्षाच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. जेवण झाल्यावर आपल्याकडे लग्नाचा अल्बम निघतो तसा त्यांचा कॉम्प्युटर निघाला. काचेच्या आत निळसर उजेड, पाणी खेळवणाऱ्या नळ्या, आणि ग्राफिक्स कार्डावर नागोयाच्या किल्ल्यावर असतात तसे दोन छोटे सोनेरी शाचिहोको. वाघाचं डोकं, माशाचं अंग. आम्ही 'वा वा' केलं. मग त्यांनी डबा फिरवला, मागचं झाकण काढलं आणि म्हणाले, आता हे बघा. मागे सगळ्या वायरी एकमेकींना समांतर, ठरावीक अंतरावर बांधलेल्या, एकही ताणलेली नाही की लोंबत नाही. याला 'उरा-हाइसेन', मागची वायरिंग, म्हणतात. हे झाकण एरवी बंदच असतं. पुढच्या रोषणाईपेक्षा त्यांना याचं कौतुक जास्त होतं. वायर इथूनच का नेली, हवा कुठून येऊन कुठे जाते, आधीच्या वेळी काय चुकलं होतं, यावर ते पाऊण तास बोलले. ऑफिसात हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो.

मला तेव्हा दिवाळीतले किल्ले आठवले. माती आणायची, दगड रचायचे, हळीव पेरायचे, मावळे मांडायचे आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायचं. बुरूज ढासळू नये म्हणून आत काय घातलंय तेही सांगायचं. त्याला कोणी दिखाऊपणा म्हटलेलं मला आठवत नाही. बघणारा येणार असतो म्हणून तर बुरूज नीट लिंपला जातो.

आता आपल्याकडचं. २००१ साली आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो जोडलेलाच होता. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं. गल्लीतल्या एका दादाने मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन पार्ट आणले: सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी मेमरी, २० जीबीची हार्ड डिस्क. आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून त्याने दोन तासांत तो उभा केला. आईने डब्याला हळदकुंकू लावलं. त्या डब्यालाच आम्ही 'सीपीयू' म्हणायचो, अजूनही म्हणतो. पण पाहुणे विचारायचे, "कुठल्या कंपनीचा?" तेव्हा बाबा आवाज उतरवून म्हणायचे, "असेंबल्ड आहे." जसं काही गुन्हाच केलाय. ज्यांच्याकडे कंपनीचा होता ते थोडे वरच्या जातीचे, आम्ही खालचे.

त्या काळात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीसुद्धा असे दादा होते. मेमरी काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायच्या आणि परत बसवायची, की बंद पडलेला कॉम्प्युटर चालू! ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. (जपानी सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं.) भारनियमनात यूपीएस किती मिनिटं ओरडेल, पावसाळ्यात कुठला पार्ट आधी जाईल, हे त्यांना तोंडपाठ असायचं. एवढं सगळं ज्ञान हातात होतं आणि त्याला मान मात्र नव्हता. आपण ते स्वस्त पडतं म्हणून केलं, आणि परवडायला लागल्यावर टाकून दिलं. जपानी लोकांनी तेच काम हौस म्हणून धरून ठेवलं. १९९० मध्ये डॉस/व्ही आलं आणि साध्या आयबीएम जातीच्या मशीनवर जपानी अक्षरं दिसू लागली, तोवर इथे एनईसीच्या पीसी-९८चं राज्य होतं. त्यानंतर सुटे भाग घेऊन जोडणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली.

ताईची खरी भीती अभ्यासाची आहे. ती खोटी नाही. सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता याच नागोयाचे, १९२१ सालचा जन्म. 'मेड इन जपान' या आत्मचरित्रात त्यांनी सांगितलंय की शाळकरी वयात घरी ग्रामोफोन आणि रेडिओ जोडण्याच्या नादात ते जवळजवळ नापासच होणार होते. म्हणजे ताई, तुझं म्हणणं खरं आहे. फक्त गोष्ट तिथे संपली नाही, एवढंच. आणि मोरितांसारखं एखादंच नाव निघतं, हेही मान्य. म्हणून दुसरं उदाहरण देतो. इथल्या अनेक घरांत वायफायचा राउटर बफेलोचा असतो. त्या कंपनीचं मुख्य कार्यालय याच ओसूत आहे. माकोतो माकी यांनी १९७५ मध्ये नागोयात ती सुरू केली तेव्हा ते हौशी लोकांसाठी अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर बनवत होते. कॉम्प्युटरच्या वस्तू नंतर आल्या.

तरी या छंदाची मी नुसती आरती ओवाळणार नाही. ओसूच्या त्या दुकानांत बायका फार कमी दिसतात. कुठल्याही जोडणीला न लागणारे दिवे विकून कंपन्या पैसे करतात. विजेचं तर विचारूच नका. एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०९० हे एकटं कार्ड ५७५ वॅट खातं. जपानमधल्या घरात वीज १०० व्होल्टची आणि एका जोडणीला साधारण १५०० वॅटची मर्यादा. कोणी मायक्रोवेव्ह लावला की घर अंधारात. आणि पोरगा जोडणार, शिकणार वगैरे ठीक, पण जोडून झाल्यावर त्यावर गेमच खेळणार, हे मला माहीत नाही असं नाही.

शिवाय आत्ताची वेळही वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केल्यापासून साध्या गिऱ्हाइकाच्या मेमरीचे भाव भडकलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या रविवारी ओसूत मेमरीच्या कपाटासमोर मी उभा होतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने किंमत वाचली, खिशातली यादी काढली, एका ओळीवर काट मारली आणि निघून गेला. वय असेल भाच्याएवढंच.

पण याच कारणासाठी मला वाटतं की उघडता येणारं मशीन घरात असावं. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावर डाखच देऊन चिकटवलेली असते. वाढवता येत नाही, बदलता येत नाही, बिघडली तर सगळा बोर्डच जातो. बाबांकडे २०१४ सालचा असेंबल्ड डेस्कटॉप आहे, त्यावर ते आमच्या सोसायटीचा हिशोब लिहितात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला आणि विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरला घेत नाही. तिथल्या एका दुकानदाराने बाबांना सरळ सांगितलं, भंगारात द्या. चालतं मशीन!

तर ताईला मी शेवटी हे सांगितलं. लॅपटॉप घेऊ नकोस आणि पार्टही घेऊ नकोस. इंजिनिअरिंगला बाहेर गेला तर होस्टेलवर डेस्कटॉप नेता येणार नाही, तेव्हा लॅपटॉप लागेलच. ते पैसे बाजूला ठेव. परीक्षा झाली की बाबांचा डबा त्याच्यापुढे ठेव आणि उघडू दे. धूळ काढू दे, वायरी नीट बांधू दे, त्यावर लिनक्स घालू दे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली तर तेवढ्यानेच मशीन पळायला लागेल. बाबांचा हिशोब आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, हे मात्र विसरू नका. हे जमलं तर वर्षभराने भाव उतरल्यावर काचेच्या डब्याचं बघू, त्यात निम्मे पैसे माझे.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "२००१ ला तो दादा आला होता तेव्हा मला डब्याला हात लावू दिला नव्हता तुम्ही. शॉक बसेल म्हणून." ती तेव्हा बारावीत होती, मी सातवीत. मला दादाने स्क्रू धरायला दिले होते. ताईने सगळ्यांसाठी चहा केला होता. मला हे आठवत नव्हतं. म्हणजे चहा आठवत होता.

परवा ऑफिसात असताना तिचा फोटो आला. बाबांचा डबा ओट्यावर आडवा, झाकण उघडं, आत बोटभर धूळ. भाच्याचा त्या दिवशी सराव पेपर होता, तो घरात नव्हता. खाली तिने विचारलं होतं, "मशीन चालू केलं की तारीख दरवेळी चुकीची दाखवतं म्हणून बाबा वैतागतात. ही गोल बॅटरी त्याचीच का? कशी काढायची?"

मी लिहिलं, हो, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळेल. आधी प्लग काढ.

"काढलाय," तिचं उत्तर आलं.