कचरा कोणता, अमानत कोणती?

आमच्याच शाळेतून दहावी झालेला एक मुलगा गेल्या हिवाळ्यात मगरिबनंतर घरी आला. शाळेच्या दाखल्यावर त्याच्या नावाचं एक स्पेलिंग, आधारकार्डावर दुसरं. आपल्या घरांत हे दुखणं जुनंच आहे. एका कागदावर शेख आधी लागतो, दुसऱ्यावर शेवटी. शिष्यवृत्तीच्या अर्जाआधी कागद तपासून देतो, स्कॅन करून मेल कर, असं आम्हीच त्याला सांगितलं होतं.

"अरे, पण तुझा मेल आलाच नाही," आम्ही म्हणालो.

"सर, आपका जवाब आया था ना, इंग्लिश में."

त्याने मोबाइल पुढे केला. ते उत्तर आमचं नव्हतं, यंत्राचं होतं. समोरच्याची मेलपेटी भरलेली आहे, तुमचं पत्र पोहोचलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. ती सरांची पोच समजून पोरगा आठ दिवस वाट पाहत राहिला. अर्जाची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

त्याने तक्रार केली नाही. "पुढच्या साली भरू, सर," म्हणाला आणि चहा न घेताच गेला. त्याच्या घरात त्या रकमेचं काय मोल होतं, हे आम्हाला ठाऊक होतं.

वाचकहो, दोष कुणाचा? आमचाच. पेटी भरत आल्याच्या सूचना कित्येक महिने येत होत्या आणि आम्ही त्या अंगठ्याने बाजूला सारत होतो. गुगलच्या मोफत खात्याला 15 जीबी जागा असते. पण ती एकट्या मेलची नाही. ड्राइव्हवरच्या फाइली आणि मोबाइलवरून आपोआप चढणारे फोटोही त्यातच राहतात. जून 2021 पासून फोटोंचा हिशेबही याच जागेत धरला जातो. म्हणजे लग्नातल्या बिर्याणीचे चाळीस फोटो आत बसले होते आणि त्या मुलाचा दाखला बाहेर ताटकळत होता.

मोबाइलवर हजारो मेल निवडत बसणं म्हणजे सुईने विहीर खोदणं. म्हणून कोपऱ्यात ओढणीखाली झाकलेला 2012 सालचा डेस्कटॉप काढला. बेगम म्हणाल्या, "भंगारवाला उद्याच येतोय, त्याला द्या." आम्ही बटण दाबलं. चार मिनिटांनी पडदा उजळला, पण मेलचं पान काही उघडेना. 'जोडणी सुरक्षित नाही' एवढंच येत राहिलं. आम्हाला वाटलं, व्हायरस. मुलीने कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. "अब्बू, याच्यात अजून 2012 चाच जानेवारी चाललाय."

आतल्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना तोच घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की वेबसाइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र ताडून पाहता येत नाही. घड्याळाच्या दुकानात तसाच सेल मिळाला, काही रुपयांत. तो बसवला, तारीख लावली, तेव्हा ती तक्रार मिटली. कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी हा सेल जरूर बघावा.

पण यंत्र कासवाच्याच चालीचं होतं. त्यात विंडोज 7 होतं आणि त्याच्या सुरक्षेची दुरुस्ती 14 जानेवारी 2020 लाच थांबलेली. विंडोज 11 इतकं जुनं यंत्र स्वीकारत नाही. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम 2 वरून 8 जीबी केली आणि लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने खर्च अगदी थोडा झाला. आता कॉम्प्युटर मिनिटभरात तयार होतो.

मात्र जुनी प्रणाली काढण्याआधी आम्ही एक काम केलं, तुम्हीही करा. उर्दूच्या सगळ्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये होत्या आणि इनपेजची फाइल दुसरीकडे सहसा उघडत नाही. मराठीच्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की 'कविता'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून एकेक फाइल जुन्या विंडोजवरच उघडून पीडीएफ केली, पेन ड्राइव्हवर दोन प्रती घेतल्या आणि मगच डिस्क बदलली. तीन रात्री गेल्या, पण पंधरा वर्षांची मेहनत वाचली.

मग यंत्र घरच्यासारखं केलं. अम्मींची नजर कमी झालीय, म्हणून अक्षरं दीडपट केली. कळफलक तीन ठेवले: मराठी, उर्दू, इंग्रजी, दोन बटणं दाबली की भाषा बदलते. उर्दूसाठी नोतो नस्तालीक हा मोफत फॉन्ट टाकला. आधी उर्दू नस्खमध्ये दिसत होती. वाचता येत होती, पण घरची वाटत नव्हती. नस्तालीकमध्ये अक्षरं तिरकी उतरू लागली, तशा अम्मी चष्मा पुसत म्हणाल्या, "आता कशी उर्दू दिसते!"

आता मेलपेटी. अकरा हजारांवर न वाचलेले मेल. एकेक उघडायचा नाही, हे पहिलं ठरवलं. शोधाच्या खिडकीत दुकानाचं नाव टाकलं, सगळे निवडले, 'या शोधातले सर्व' म्हटलं आणि पुसले. त्याच वेळी 'सदस्यत्व रद्द'ही केलं. नाहीतर उद्या पुन्हा तीच गर्दी. मग 10 एमबीपेक्षा मोठे मेल शोधले. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ निघाले, तेच परिपत्रक पाच जणांनी पाठवलेलं निघालं. एक ध्यानात ठेवा: 'संग्रहात टाका' म्हटल्याने मेल नजरेआड होतो, जागा सुटत नाही. पुसलेलाही 30 दिवस कचरापेटीत राहतो. पेटी रिकामी करण्याआधी मात्र एकदा त्यात डोकावून घ्यावं.

आम्ही डोकावलो आणि थांबलो. एका झटक्यात पुसलेल्या ढिगात एका जुन्या विद्यार्थिनीचा मेल होता, सहा वर्षांपूर्वीचा, न उघडलेला. नर्सिंगला प्रवेश मिळाला, सर्वांत आधी तुम्हाला कळवते, असं तिने लिहिलं होतं. सहा वर्षांत तिने किती वेळा पेटी उघडून पाहिली असेल?

उशिराची माफी मागून उत्तर लिहिलं. चौथ्या दिवशी तिचा मेल आला: ती आता एका रुग्णालयात रात्रपाळीला असते. रागावलेली दिसली नाही. मुलं आपल्या शिक्षकांना फार लवकर माफ करतात.

म्हणून म्हणतो, पेटी साफ करणं म्हणजे नुसतं फेकणं नव्हे. कुणी विश्वासाने आपल्याकडे पाठवलेला कागद ही अमानत आहे, आणि ती कचऱ्याखाली दबू देणं हीसुद्धा खयानतच. आता आम्ही 'विद्यार्थी' नावाचा वेगळा कप्पा केलाय. मुलांना सांगून ठेवलंय की विषयात शाळेचं नाव लिहा. तसा मेल आपोआप त्या कप्प्यात जातो. शिवाय, दोन दिवसांत सरांचं स्वतःचं उत्तर आलं नाही, तर थेट फोन करा.

जुम्याच्या सकाळी नखं कापून झाली की आम्ही अर्धा तास डेस्कटॉपसमोर बसतो. दोन्ही गोष्टी वेळच्या वेळी केल्या तर सोप्या, साठू दिल्या तर टोचतात.

त्या मुलाचे कागद दुरुस्त होऊन तयार आहेत. अर्ज सुरू होण्याची वाट पाहतोय. या वेळी आम्ही त्याच्या घरी जाणार, आणि चहा घेऊनच उठणार, इन्शाअल्लाह.