हरूनही मोठा झालेला मल्ल

केबलवर मुलांबरोबर अमेरिकी कुस्ती पाहिली, तेव्हापासून मला प्रश्न पडतो : निकाल आधीच ठरलेला असेल, तर नवा तारा घडतो कसा?

२३ मार्च १९९७. शिकागोजवळच्या लढतीत ब्रेट हार्टच्या पकडीत स्टीव्ह ऑस्टिन रक्तबंबाळ होऊन बेशुद्ध पडला. पण शरण गेला नाही. जिंकला हार्ट, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ऑस्टिनला.

उलट डिसेंबर १९९८ मध्ये ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ने गोल्डबर्गची अपराजित घोडदौड विजेच्या झटक्याने संपवली. जिंकला केव्हिन नॅश, आधीचाच बडा मल्ल. नवा कोणीच घडला नाही. २००१ मध्ये ती कंपनी प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली.

निकाल लिहून देता येतो, विश्वास नाही. तो जुन्यांनी आपल्या पुण्याईतून नव्यांना द्यावा लागतो.