नकार देणारे प्रथिन

मुलाने पुढे काय व्हावे, या प्रश्नावर एका घरातही एकमत सापडणे कठीण. आपल्या हाडांतील मज्जेत मात्र हा प्रश्न अष्टौप्रहर सुटत असतो, आणि तोही बिनबोभाट! तेथील मूळ पेशीला जंतू गिळणारी पेशी होता येते, 'टी' पेशी होता येते, किंवा प्रतिपिंडे निर्माण करणारी 'बी' पेशीही होता येते. वडिलोपार्जित जनुकांची पोथी सर्वांजवळ जवळजवळ एकच. कोणी कोणता अध्याय वाचावयाचा, एवढाच काय तो फरक. हे ठरविणाऱ्या प्रथिनांना शास्त्रज्ञ 'ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर' म्हणतात. ती जनुकांजवळ ठाण मांडून बसतात आणि कोणत्या जनुकाची नक्कल उतरावयाची, कोणत्याची नाही, हे त्यांच्या हुकमाने चालते.

त्यांपैकी पॅक्स-५ या प्रथिनाची हकिकत ऐकण्याजोगी आहे. व्हिएन्नाचे माइनराड बुसलिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी पॅक्स-५ मुळीच नसलेल्या उंदरांच्या पेशी तपासल्या. 'बी' होण्याच्या वाटेवर चार पावले चालून त्या थबकल्या होत्या. १९९९ साली असे प्रसिद्ध झाले की, या पेशींना निरनिराळे संकेत दिले तर त्या जंतू गिळणाऱ्या पेशी होतात. इतकेच काय, हाड झिजविणाऱ्या पेशीही होतात! म्हणजे पॅक्स-५ 'बी'ची जनुके जागी करते हे खरेच. पण इतर धंद्यांची दारे लावून घेणे, हेही त्याचेच काम.

बरे, पेशी एकदा मार्गी लागली म्हणजे या पहारेकऱ्याला रजा द्यावी काय? तेही नाही. २००७ साली याच मंडळींनी उंदरांच्या पूर्ण वाढलेल्या 'बी' पेशींतून पॅक्स-५ काढून टाकले. त्या प्रौढ पेशी चक्क मागे फिरून बाल्यावस्थेत गेल्या, आणि त्यांच्यापासून 'टी' पेशी निपजल्या. अशा उंदरांत कर्करोगही उद्भवला.

हा नुसता उंदरांचा प्रपंच नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेतील मेम्फिस येथील संशोधकांना, 'बी' पेशींचा रक्तकर्करोग झालेल्या मुलांपैकी सुमारे ३२ टक्के मुलांच्या रोगट पेशींत पॅक्स-५ च्या जनुकाचा बिघाड आढळला. एकट्या या बिघाडाने रोग होतो असे नव्हे. पण नकार देणारा आवाज क्षीण झाला, की पेशीचे धड मोठे होणे अडते, आणि संख्येने वाढत राहणे तेवढे उरते.

शिक्षण संपले, नोकरी लागली, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. 'बी' पेशीला ती सवलत नाही. एकदा घेतलेला निर्णय तिला रोज पाळावा लागतो.